मुंबईची लहर, कल्याणचा कान

23 जुलै 1927 रोजीं लॉर्ड अर्विन यांच्या हस्तें मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या त्या यंत्राची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती, व त्याचा आवाज सुमारें 30 मैल, म्हणजे 48 किलोमीटरपर्यंतच खात्रीनें ऐकूं येई. ठाणें त्या वर्तुळांत सुखानें बसे. डोंबिवली आणि कल्याण मात्र कांठाकडे पडत. मुंबईकराला जें सहज लाभे, तें कल्याणकराला खटपटीनें मिळवावें लागे.

ही खटपट तारेची. एक तार छपरावर उंच ताणावयाची, दुसरी ओल्या जमिनींत पुरावयाची, आणि मग कळ फिरवीत बसावयाचें. त्यांत 1925 सालीं मुंबईंत विजेची गाडी सुरू झाली व 1930 पर्यंत ती कल्याण ओलांडून पुण्याकडे गेली. गाडीच्या तारेवर उडणाऱ्या ठिणग्यांची खरखर मध्यम लहरींत मिसळूं लागली.

क्षीण आवाजाची किंमत केंद्रालाहि मोजावी लागली. यंत्रें महाग, टापू तोकडा, म्हणून परवाने थोडे. आणि परवान्यांवर तर कंपनीचा चरितार्थ! 1 मार्च 1930 रोजीं कंपनीचें दिवाळें निघालें व पुढल्याच महिन्यांत सरकारनें केंद्र हातीं घेतलें.

पुढें ट्रान्झिस्टर आला आणि छपरावरची तार पेटींतल्या फेराइटच्या कांडीभोवतीं गुंडाळली गेली. ही कांडी दिशा ओळखते. म्हणून आवाज मंदावला कीं पेटी थोडी फिरवावी, हें घरोघरीं ठाऊक झालें. 1979 सालीं जपानच्या सोनी कंपनीनें वॉकमन काढला. पुढें त्यांत रेडिओहि आला. भारतांत 1977 सालीं मद्रासला आरंभ झालेलें एफ. एम. प्रक्षेपण नव्वदीच्या दशकांत मुंबईंत रुजलें, आणि लोकलमधल्या प्रवाशाच्या कानीं संगीत आलें.

पण कांठाचें दुखणें सरलें नाहीं. एफ. एम.ची लहर सुमारें 3 मीटरांची. ती बहुतांशीं सरळ रेषेंत चालते व डोंगराआड दुबळी होते. ठाण्यापुढें पारसिकचा डोंगर आडवा. त्याच्या पोटांतील 1916 सालच्या बोगद्यांत जलद गाडी शिरे आणि गाणें तुटे.

उपाय पुन्हां तारेंतच होता. कानाशीं लावावयाची तार हीच या यंत्राची एरिअल. ती खिशांत गुंडाळली तर लहर पकडणार कोण? सुमारें 75 सेंटिमीटर, म्हणजे लहरीचा चौथा हिस्सा, मोकळी सोडावी. डब्याच्या लोखंडी भिंती लहर अडवितात, म्हणून खिडकीशीं बसावें. आणि सळसळ फारच वाढली तर स्टीरिओचा मोह सोडून मोनोची कळ दाबावी, म्हणजे शब्द स्वच्छ होतात.

नभोवाणीच्या इतिहासांत केंद्रांची व किलोवॅटांची नोंद सांपडते. परंतु कांठावरच्या गांवांत मुंबईचा आवाज पोंचला तो निम्मा केंद्राच्या शक्तीनें आणि निम्मा तार सरळ करणाऱ्या श्रोत्याच्या चिकाटीनें. त्या श्रोत्याची नोंदहि इतिहासानें ठेवावयास हवी.