सत्त्याऐंशी हजार पाचशे फुल्या

"अजून झालं नाही?" हा प्रश्न नातेवाइकांकडून इतक्यांदा आलाय की आता एकदाचा हिशेबच मांडते.

माझं सॅम्पलर २५० चौकटी रुंद आणि ३५० चौकटी उंच आहे. पार्श्वभूमीसुद्धा भरायची आहे, म्हणजे एकूण ८७,५०० फुल्या. इंचाला १४ चौकटी असलेल्या कापडावर हे साधारण १८ बाय २५ इंच होतं, भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरएवढं. बोरिवलीच्या घरात रात्रीची आवराआवर झाल्यावर बसलं तर तासाला शंभरेक फुल्या होतात. सुरुवात करून दोन वर्षं चार महिने झाले आणि ३१,००० भरून झाल्यात. सरासरी काढली तर दिवसाला ३६! पावसाळ्यात त्याहूनही कमी, कारण दमट हवेत हाताला घाम येतो आणि त्याचा डाग फिकट कापडावर लगेच उठून दिसतो. याच गतीने अजून चार वर्षं लागतील. तर मंडळी, प्रश्न बंद :-)

पण हे काम हातात असताना डोकं रिकामं असतं, आणि रिकाम्या डोक्यात दुसरे प्रश्न येतात. ही फुली आपल्यापर्यंत आली कुठून?

सॅम्पलर हा शब्द लॅटिनमधल्या 'एक्झेम्प्लम'वरून आलाय. अर्थ, नमुना. छापील नमुने सहज मिळत नव्हते तेव्हा एखादी वेल किंवा पक्षी आवडला की बाई तो एका कापडाच्या पट्टीवर उतरवून ठेवायची. पुढे लागला की पट्टी उलगडायची आणि बघून भरायचं. थोडक्यात, भरतकामाची वही. इजिप्तमध्ये मामलुक काळातली अशी कापडं सापडली आहेत. तारीख घातलेलं सगळ्यात जुनं इंग्लिश सॅम्पलर १५९८ सालचं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ते आहे. भरणारीचं नाव जेन बॉस्टॉक. तिने त्यावर अॅलिस ली नावाच्या मुलीचा १५९६ मधला जन्मदिवसही भरून ठेवलाय. चारशेहून जास्त वर्षं झाली, पण दोघींची नावं आजही वाचता येतात.

पुढे एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये चौकटींच्या कागदावर रंगवलेले नमुने निघू लागले आणि ही वही ठेवायची गरज संपत गेली. सॅम्पलर उरलं ते शाळेतल्या मुलींचा धडा म्हणून. ए बी सी डी, आकडे, एखादं धर्मवचन आणि खाली नाव, वय, साल. गरीब मुलींना तर त्यातूनच अक्षरं यायची. त्याच म्युझियममध्ये १८३० च्या सुमाराचं एलिझाबेथ पार्करचं सॅम्पलर आहे. ही ससेक्समधली मोलकरीण. चित्र नाही, वेल नाही, नुसत्या लाल धाग्याच्या फुल्यांनी लिहिलेल्या ओळीच ओळी. मालकाने केलेला छळ आणि जीव द्यायचे मनात आलेले विचार तिने त्यात भरलेत. सुरुवातीलाच ती सांगते की मला लिहिता येत नाही, म्हणून हे असं मांडते. मजकूर मध्येच, अर्ध्या वाक्यावर थांबतो. ती मात्र तिथे थांबली नाही. पुढे शाळेत शिकवू लागली आणि म्हातारी होऊन गेली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या दिवसाच्या ३६ फुल्याही झाल्या नाहीत.

आता आपल्याकडे. माझी समजूत होती की क्रॉस स्टिच ही मडमांनी आणलेली गोष्ट. ते निम्मंच खरं आहे. धारवाडकडची कसुती आठवा. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे नेसतात त्या इरकली लुगड्यांवरही हे काम दिसतं. कसुतीत चार टाके असतात : गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. यातला मेंथी म्हणजे चक्क आपली फुली! मेथीच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून ते नाव. कापडावर नमुना छापून घ्यायचा नाही, धागे मोजत जायचं आणि गाठ मारायची नाही. गोपुर, तुळशीवृंदावन, पालखी, पाळणा, अंबारीचा हत्ती, सगळं मोजून. धागे मोजायला आपल्या बायकांना कुणी बाहेरून येऊन शिकवावं लागलं नव्हतं.

बाहेरून आली ती शाळेतली शिवण. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये सिंथिया फरार आल्या, १८२९ मध्ये मार्गारेट विल्सन आल्या. मिशनच्या या शाळांत वाचनाबरोबर सुईही हातात दिली जायची. मला वाटतं, मुलीला अक्षर कशाला हवं असं म्हणणाऱ्या घरालाही शिवणकाम कळत असणार. सुईच्या आडून पाटी आत आली.

पण हीच सुई उलटीही वापरली गेली. पुण्यात १८८४ मध्ये हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली आणि तिथल्या इंग्रजी शिक्षणावर टिळकांनी टीका केली. मुलींना मराठी, नीती आणि शिवणकाम एवढं पुरे, असा त्या टीकेचा सूर होता. आणि १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं तेव्हा तिथल्या शिवणाच्या वर्गांतून बायका चार पैसे मिळवायला शिकल्या. म्हणजे तीच सुई एकाच्या हातात कुंपण झाली आणि दुसरीच्या हातात कमाई.

आपल्या आई-मावश्यांपर्यंत हे पोचलं ते मॅटीच्या रूपात. शिवणाच्या क्लासात टाक्यांच्या नमुन्यांची फाईल करावी लागायची. साखळी टाका, गव्हाचा टाका, काजं, फुली, प्रत्येकाचा चौकोनी तुकडा पानावर चिकटवलेला. ते आपलं मराठी सॅम्पलरच की! मग मॅटीवर तोरणं, टेबलक्लॉथ, रेडिओवरचं आणि नंतर टीव्हीवरचं कव्हर. रुखवतात 'शुभविवाह' आणि 'सुस्वागतम' तर हवंच. लग्न झालं की ते सगळं डांबराच्या गोळ्यांबरोबर ट्रंकेत.

आणि इथे मला एक गोष्ट खुपते. आमच्या घरी मॅटीचा एक टेबलक्लॉथ आहे. चार कोपऱ्यांत चार पोपट, कडेला वेल, उलटी बाजूसुद्धा सुलटीइतकी स्वच्छ. तो कुणी भरला? एक मावशी म्हणते आजीने, लग्नाआधी. दुसरी म्हणते आजीच्या बहिणीने, जी लवकर गेली आणि जिचा एक फोटोही घरात नाही. ठरवायला काहीच साधन नाही, कारण कापडावर नाव नाही, साल नाही. आजी असेल तर तिच्या मागे बाकी पुष्कळ आहे. पण बहीण असेल तर तिचं जगात एवढंच उरलंय, आणि तेही तिच्या नावावर नाही.

रुखवताच्या कापडांवर गणपती असतो, नवरा-नवरीची नावंही असतात. जिने रात्र रात्र बसून भरलं तिचं नाव मात्र सहसा नसतं. आपल्या बायकांना मोजता येत होतं, पुढे लिहिताही येऊ लागलं, पण आपलं नाव घालायचं कुणाच्या मनात आलं नाही. किंवा आलं असेल आणि शिष्टपणा वाटेल म्हणून राहिलं असेल.

म्हणून मी माझ्या सॅम्पलरवर नाव आधी भरून टाकलंय. रीत अशी की नाव शेवटी घालायचं. पण माझी गती तुम्हाला माहीत आहे! खाली डाव्या कोपऱ्यात नाव, पुढे 'बोरिवली' आणि सुरुवातीचं साल. संपल्याचं साल घालायला सात चौकटी उंचीची जागा सोडली आहे.

एक काम तुम्हालाही सांगते. घरात मॅटीचा, कशिद्याचा एखादा तुकडा असेल तर बाहेर काढा. कुणी केला, कधी, कुणाच्या लग्नासाठी, हे सांगू शकणारं माणूस आज घरात असेल तर त्यांना विचारा आणि कापडाच्या पट्टीवर लिहून मागच्या बाजूला चार टाक्यांनी शिवून टाका. दहा मिनिटांचं काम आहे. आणि मावश्यांनो, पोपटांबद्दल अजून काही आठवलं तर कृपया फोन करा.