धार कुणाच्या हाती? वस्तरा, कात्री आणि मशीन यांचा एक इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसांना कात्री, वस्तरा आणि केस कापायच्या मशीनमध्ये काय स्वारस्य? स्वारस्य आहे, आणि ते तत्त्वज्ञानाच्याच वाटेने आलेलं आहे. कठोपनिषदातला तो प्रसिद्ध मंत्र आपणा सर्वांना ठाऊक असेल. ज्ञानाची वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी, पार करायला अवघड, असं त्यात सांगितलं आहे. त्या धारेला तिथे एक विशेषण लावलेलं आहे, 'निशिता'. आता निशिता म्हणजे नुसती तीक्ष्ण नव्हे. पाजवलेली, घासून तीक्ष्ण केलेली. शंकराचार्यांनी भाष्यात नेमका हाच अर्थ दिला आहे, 'तीक्ष्णीकृता', आणि ते पुढे गेले. त्यांच्यामागून आम्ही सगळेच पुढे गेलो. वाटेच्या अवघडपणावर ग्रंथावर ग्रंथ झाले. धार केली म्हणजे कुणी केली, कशावर घासून केली, ती किती दिवस टिकली, हे विचारायला कुणी थांबलं नाही. आज आपण तिथे थांबणार आहोत.

वैदिक कवींना ही गोष्ट जवळची होती. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात एक कवी देवाला विनवतो, की वस्तऱ्याला धार लावावी तशी आम्हाला लाव. तिथे 'भुरिज्' असा एक शब्द द्विवचनात येतो आणि त्याच्या अर्थावर विद्वानांचा वाद आहे. कुणी म्हणतं कात्री, कुणी म्हणतं वस्तू पकडून ठेवणारे दोन बाहू. वाद मिटलेला नाही. पण धार लावणं ही प्रार्थनेत घालावी इतकी परिचयाची क्रिया होती, एवढं त्यातून निश्चित दिसतं.

हत्यारांचा इतिहास आपण सहसा शोध लावणाऱ्यांचा इतिहास म्हणून सांगतो. कात्री कुणी शोधली असं विचारलं, की कुणीतरी लिओनार्दो द व्हिंचीचं नाव घेतो. ते चूक आहे. एकच पट्टी वाकवून केलेली, चिमट्यासारखी कात्री त्याच्या कितीतरी शतकं आधी पश्चिम आशियात आणि इजिप्तमध्ये होती. मध्ये खिळा मारलेली कात्री रोमन लोक वापरत होते. पण समजा, शोधकाचं नाव सापडलं, तरी त्याने काय कळतं? हत्यार एकदा जन्माला येतं आणि मग पुढची पन्नास वर्षं रोज थोडं थोडं बोथट होत राहतं. म्हणून आम्ही या इतिहासाकडे एक साधा प्रश्न घेऊन पाहतो: त्या त्या काळात धार लावणारा हात कुणाचा होता?

आपल्या गावगाड्यात उत्तर सरळ होतं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक 1915 सालचं. त्यातल्या बलुतेदारांत न्हावीही आहे, लोहारही आहे. पात्याला आकार देणं, त्याला पाणी देणं हे लोहाराचं काम. रोजची धार मात्र न्हाव्याची स्वतःची. त्याच्या धोपटीत वस्तरा, कात्री, कंगवा, आरसा, चिमटा, नराणी आणि यांच्याबरोबर एक दगड असायचा. बलुतं म्हणजे सुगीला मिळणारं धान्य. त्यात डोई करण्याचा मोबदला आला, दगडावर घालवलेल्या वेळाचा वेगळा हिशेब कुठेच नव्हता. सेना महाराजांनी आपल्या अभंगात आरशाचा विवेक केला, चिमट्याचं वैराग्य केलं. दगड त्या रूपकात आला नाही. गिऱ्हाईक समोर बसायच्या आधीचं काम ते, दिसणार कुणाला?

त्या दगडावर काय घडतं ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पात्याच्या दोन बाजूंचे उतार जिथे मिळतात ती रेघ म्हणजे धार. दगडावर पाण्याचे थेंब टाकून, कणा आणि धार दोन्ही टेकवून पातं फिरवलं की धातू झिजतो आणि ती रेघ नव्याने तयार होते. त्यानंतर चामड्याचा पट्टा. तिथे धातू फारसा झिजत नाही. वापरून वाकलेली सूक्ष्म कड पुन्हा सरळ होते. दगडावर धार पुढे आणि कणा मागे असा हात चालतो. चामड्यावर बरोबर उलटा, कणा पुढे आणि धार मागून. चुकून धार पुढे गेली तर चामडंही कापलं जातं आणि धारही गोल होते. दगड अधूनमधून लागतो, चामडं रोज. दुरुस्ती वेगळी आणि निगा वेगळी, हा भेद आम्ही वर्गात पुस्तकांतून शिकवला असता तर विद्यार्थ्यांना जांभया आल्या असत्या.

मोठ्या पात्यांचं काम शिकलगारांकडे. 'सैकल' म्हणजे घासून चमक आणणं, त्या अरबी शब्दावरून हे नाव आलं. तलवारींचे दिवस सरले तसे सुऱ्या, विळ्या, कात्र्या त्यांच्या सहाणेवर आल्या. सायकलच्या चाकाला पट्टा जोडून गल्लोगल्ली हिंडणारा धारवाला, तो याच कामाचा वारसदार.

इथे मुंबईशी संबंध असलेली एक हकिगत सांगतो. 1794 मध्ये मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी दक्षिणी पोलादाचे, म्हणजे 'वूट्झ'चे, नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीत निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट नावाचे लंडनचे हत्यारकार तर या पोलादाच्या प्रेमातच पडले. वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारं यासाठी युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा आपण वूट्झला पसंती देतो, असं त्यांनी आपल्या दुकानाच्या कार्डावर छापलं. याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरडेंनी पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले, आणि त्या पोलादाचे वस्तरे ते मित्रांना भेट देत. विजेच्या आधी फॅरडे धारेच्या मागे होते, हे आमच्या विज्ञानवाल्या मित्रांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

वस्तरा नेहमीच निरागस राहिला असं मात्र नाही. विधवांचं केशवपन याच हत्याराने होत असे. 1890 मध्ये मुंबईत सत्यशोधक कार्यकर्ते आणि कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी एकत्र आली आणि हे काम आपण करणार नाही असं ठरवलं. सुधारणेचा इतिहास आपण वकील, न्यायाधीश आणि संपादक यांच्या नावांनी लिहितो. पण ज्याच्या हातात धार होती त्याने ती खाली ठेवली, याची नोंद त्यात ठळक अक्षरांत व्हायला हवी असं आमचं मत आहे.

आता विसावं शतक. 1903 मध्ये जिलेट कंपनीचा वस्तरा अमेरिकेत विक्रीला आला. त्याची खरी नवलाई वस्तऱ्यात नव्हतीच. पातं बोथट झालं की टाकून द्यायचं, यात होती. धार लावणारा हात कारखान्यात गेला. तरीही आपल्याकडच्या सलूनमध्ये दगड आणि पट्टा बरीच दशकं टिकले. त्यांना हलवलं ते एड्सच्या भीतीने. एकच वस्तरा गालामागून गालावर फिरवण्यात रक्तातून संसर्गाचा धोका आहे हे लोकांपर्यंत पोचलं, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड, तेही अर्धं मोडून वस्तऱ्यात बसवलेलं, ही रीत पडली. ती योग्यच होती. हळहळ वाटून घ्यायचं कारण नाही. फक्त एवढं नोंदवू, की या बदलात एका धंद्याचं अर्धं ज्ञान एका पिढीत निकामी झालं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

उरली कात्री आणि मशीन. इथे धार टाकून देता येत नाही, कारण ती एका पात्यात नसतेच. कात्रीची दोन पाती अगदी किंचित बाकदार असतात. बंद होताना ती पूर्ण लांबीभर एकमेकांना चिकटत नाहीत. एका वेळी एकाच बिंदूत भेटतात, आणि तो बिंदू खिळ्यापासून टोकाकडे सरकत जातो. केस कापला जातो तो त्या बिंदूत. म्हणून दोन्ही पाती कितीही तीक्ष्ण असोत, मधला स्क्रू सैल असेल तर केस पात्यांमध्ये दुमडतो. गिऱ्हाईक म्हणतं, "कात्री लागत नाही." धार गेलेली नसते, भेट चुकलेली असते. पाहायची रीत सोपी: एक कडी हातात धरायची, दुसरं पातं काटकोनात उचलून सोडायचं. ते सरळ खाली पडून मिटलं तर स्क्रू सैल, वरच अडकलं तर घट्ट. थोडं उतरून मध्ये थांबलं तर बरोबर. नैयायिक ज्याला 'संयोग' म्हणतात तो दोन द्रव्यांवर मिळून राहणारा गुण. त्याचं याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला अजून मिळालेलं नाही.

कात्री म्हटली की मेरठ. तिथला कात्र्यांचा धंदा तीनशेहून अधिक वर्षांचा मानला जातो आणि 2013 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पोलाद भंगारातलं, मोटारींच्या जुन्या पाट्यांचं वगैरे. तिथली ख्याती सांगणारी म्हण आहे, 'दादा ले, पोता बरते', आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी. ती जाहिरात आहे हे खरं, पण तिच्यात एक गृहीत दडलेलं आहे. आजोबा आणि नातू यांच्यामध्ये धार लावणारा कुणीतरी असतो. त्याच्याशिवाय ती कात्री बापाच्याच काळात मोडीत जाईल.

आणि धार लावणाऱ्याला फरक कळला पाहिजे. साध्या कात्रीच्या कडेला सरळ उतार असतो. तो फिरत्या चाकावर निघतो. जपानी धर्तीच्या महागड्या कात्रीची कड बाहेरून शिंपल्यासारखी फुगीर आणि आतून किंचित पोकळ असते. ती चाकावर धरली की गोलाई गेली, पुन्हा येत नाही. तिला पाण्याचा सपाट दगड आणि शांत हात लागतो. भाजीची सुरी आणि ही कात्री एकाच चाकावर एकाच कोनात घासून देणारे आहेत, आणि कारागिराचा महिन्याभराचा रोजगार त्यात जातो.

मुळात एवढा मऊ केस पोलादाला बोथट करतो कसा? केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ. 2020 मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढीच्या पात्यावर हे पाहिलं. धार नुसती झिजून गोल होत नाही. तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून तिरका लागला, आणि नेमक्या त्या जागी पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली, की तिथे कड तुटते. कात्रीवर त्यात धुळीची भर पडते, म्हणून धुतलेले केस कापणं हत्याराच्या हिताचं. आणि केसांच्या कात्रीने कागद कापू नये, हे घरातल्या मुलांना सांगून ठेवा.

मशीनची गोष्ट थोडक्यात. आधी हाताने दाबायचं मशीन होतं, स्प्रिंगचं. धार गेली की ते केस कापण्याऐवजी उपटायचं; साठीपुढच्या श्रोत्यांच्या मानेला ते आठवत असेल. मग अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्टर्लिंग गावी लिओ वॉल यांनी हातात मावणाऱ्या विजेच्या मशीनसाठी 1919 मध्ये पेटंटचा अर्ज केला. 1924 मध्ये जॉन ऑस्टर यांनी हाताच्या मशीनचा धंदा सुरू केला, तो बायकांच्या बॉबकटची लाट आली म्हणून. चुंबकावर चालणारं मशीन विजेच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला एक झटका देतं. अमेरिकेत 60 आवर्तनांची वीज, म्हणजे मिनिटाला 7200 झटके. आपल्याकडे 50, म्हणून 6000.

मशीनमध्येही दोन पाती. खालचं कंगव्यासारखं, स्थिर, वरचं हलणारं. यांना कडेने धार लावत नाहीत. फिरत्या सपाट तबकडीवर बारीक पावडर टाकून दोन्हींचे समोरासमोरचे पृष्ठभाग घासतात, दाताची कड त्यातूनच तयार होते. एकच पातं घासून दुसरं तसंच ठेवलं तर उपयोग नाही. परत बसवताना वरच्या पात्याचे दात खालच्याच्या केसभर मागे राहिले पाहिजेत; पुढे आले की कातडीला लागतात. तेल दिवसातून दोन-तीन थेंब, मशीन चालू ठेवून. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. खोबरेल घालू नये. ते थंडीत गोठतं आणि एरवी केसांच्या भुग्यात मिसळून चिकट होतं. सलूनमध्ये 'मशीन गरम होतंय, बदलायला आलं' अशी तक्रार येते तेव्हा निम्म्या वेळा तेल आणि सफाई एवढंच हवं असतं.

आता चार्जिंगची स्वस्त मशीनं आली आहेत. त्यांतल्या कित्येकांची पाती सुटी मिळत नाहीत, आणि घासून घ्यायला जावं तर मजुरी मशीनच्या किमतीच्या जवळ जाते. कारागीर ते टाकतो आणि नवं घेतो. त्याचा हिशेब चुकीचा नाही. पण ज्याच्याकडे चांगली कात्री आहे त्याला अजूनही धार लावणारा शोधावा लागतो, आणि माणूस पारखायचा कसा हे आम्हाला वरचेवर विचारलं जातं. त्याने आधी कात्री मिटून-उघडून पाहिली का, स्क्रू तपासला का, ते बघा. न पाहता चाक सुरू केलं तर कात्री परत मागून घ्या. काम झाल्यावर ओला केलेला पातळ कागदी रुमाल टोकाने कापून पाहा. दुमडला किंवा ओढला गेला तर काम अपुरं आहे. या एका कामी तेवढी कात्रीला कागदाची मुभा आहे.

वेळ झाली. आता प्रश्न घेऊ.