मिरजेची जवारी आणि यंत्रातला तंबोरा



इतिहास म्हटला की राजे आणि लढाया आठवतात. कारागिराच्या कानशीलाही इतिहास असतो, हे आपण सहसा ध्यानी घेत नाही. तसा एक इतिहास आपल्या शेजारी मिरजेत घडला आहे.

मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. पुढे हत्यारांची मागणी ओसरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी वाद्ये दुरुस्त करता करता ती घडविण्याची विद्या हस्तगत केली.

तंबोऱ्याचे मर्म जितके भोपळ्यात, तितकेच घोडीत. तिचा रुंद माथा कारागीर किंचित उतरता घासतो. तार त्याला हलकेच स्पर्श करते, खाली सुताचा ‘जीव’ सरकविला की नाद उमलतो. हीच जवारी. तिला माप नाही. कान हेच माप.

तार जेथे छेडावी, तेथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू असेल ते निघू नयेत, असा युरोपातील शास्त्राचा नियम. तंबोऱ्यात मात्र तेही निघतात आणि ही किमया घोडीची, असे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखविले. कानाने साधलेल्या गोष्टीला शास्त्राने दिलेली ही मान्यताच होय.

पुढे १९७९ साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा केला. नंतर खऱ्या तंबोऱ्याचा ध्वनी अंकांत साठवून यंत्रांत आला. आज तो खिशातल्या फोनमध्येही वाजतो.

आता जपानकडे पाहू. तोराकुसु यामाहा यांचाही आरंभ दुरुस्तीनेच झाला. १८८७ साली त्यांनी हमामात्सु येथील शाळेचा ऑर्गन दुरुस्त केला आणि त्यातून वाद्यांचा कारखाना उभा राहिला. त्याच कारखान्याने अमेरिकेतील जॉन चौनिंग यांच्या ध्वनिनिर्मितीच्या शोधाचे हक्क स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून घेतले, १९८३ साली ‘डीएक्स-७’ हे वाद्य काढले, आणि त्याच्या चिप्स पुढे संगणकांतही बोलू लागल्या.

आरंभ सारखा, शेवट निराळा. तेथे वाद्यकारच यंत्राचा धनी झाला. येथे नाद यंत्रात गेला आणि कारागीर बहुतांशी कानशीपाशीच राहिला. त्याच्या हातात उणीव नव्हती. भांडवल, प्रयोगशाळा आणि विद्यापीठ त्याच्या दारी आले नाही, एवढेच.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन नाव राखते. विद्या राखावयाची तर ती शिकणारी मुले आणि वाद्य विकत घेणारी माणसे हवीत. यंत्रातला तंबोरा थकत नाही, हे खरे; परंतु तो खरा वाजतो की नाही, हे ठरविणारा कान अजून मिरजेतच तयार होतो.