घरसंग्रहातील दादा कोंडके : भोर-वेल्ह्याची बोली आणि पडद्यावरचे गाव

चित्रपटाचा इतिहास सामान्यतः चित्रपटगृहाच्या आधारे लिहिला जातो. कोणता चित्रपट कोठे लागला, किती आठवडे टिकला, कोणामुळे उतरला, ह्या नोंदी इतिहासकाराच्या हाती सहज लागतात. दादा कोंडके यांच्या बाबतीत तर ह्या नोंदींचा मोह अनावर होतो. कारण त्यांचे नऊ चित्रपट प्रत्येकी पंचवीस आठवडे चालले आणि त्याची दखल गिनेस बुकाने घेतली. ‘सोंगाड्या’ (१९७१) दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात लागावा म्हणून शिवसेनेने केलेली खटपटही पुष्कळदा सांगितली जाते. परंतु गेली चाळीस वर्षे हे चित्रपट बहुतांशी ज्या रूपात पाहिले गेले, ते रूप चित्रपटगृहातले नाही. प्रथम व्हिडिओ कॅसेट, मागून व्हीसीडी आणि डीव्हीडी अशा क्रमाने ते घरातल्या फडताळात येऊन बसले. जो चित्रपट एकदा, गर्दीत आणि हशाच्या गदारोळात ऐकावयाचा, तो पुन्हा पुन्हा, थांबवून आणि मागे नेऊन ऐकता येऊ लागला. भाषेच्या अभ्यासकास हा फरक क्षुल्लक वाटता कामा नये.

कृष्णा ऊर्फ दादा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईत, नायगावच्या चाळीत झाला. घराणे मूळचे भोरजवळच्या इंगवलीचे. त्या काळी भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. ते १९४८ साली विलीन झाले. भोर आणि शेजारचा वेल्हे (ह्या तालुक्यास अलीकडे राजगड हे नाव देण्यात आले) हा सगळा मुलूख डोंगराचा, पावसाचा आणि भाताचा. वेळवंडी नदीवर भाटघर येथे १९२० च्या दशकाअखेरीस नवे धरण उभे राहिले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी पूर्वेस बारामती-फलटणकडे ऊस पिकविण्यास गेले, आणि भात-नाचणीवर ज्यांचे भागेना अशी माणसे घाट उतरून मुंबईस गेली. हिरडस मावळ, रोहिडखोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही नावे इतिहासाचा विद्यार्थी शिवकालीन महजरांत वाचतो. त्याच खोऱ्यांतील माणसे विसाव्या शतकात गिरण्यांच्या हजेरीपटांवर सापडतात, आणि हा दुसरा इतिहास अद्याप पुरेसा लिहिला गेलेला नाही.

कोंडके कुटुंब ह्याच स्थलांतरातले. बँडपथक, राष्ट्र सेवा दलाचे कलापथक, अपना बाजारातील नोकरी असे टप्पे ओलांडून दादा लोकनाट्याकडे वळले. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) ह्या वगातील हवालदाराच्या भूमिकेने त्यांचे नाव झाले, भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’त (१९६९) ते पडद्यावर आले, आणि ‘सोंगाड्या’पासून ते स्वतः निर्माते झाले. त्या चित्रपटाची कथा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे. तमाशाच्या नादी लागलेला भाबडा नाम्या आणि त्याची करडी आई (रत्नमाला) ही जोडी तेथे प्रथम घडली आणि नावे बदलून पुढे वर्षानुवर्षे चालली.

आता घराकडे वळावे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. त्याच वर्षाअखेरीस दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या आणि त्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी संच व व्हीसीआर देशात पसरू लागले. ह्या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. पण दादांच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने त्या एकत्र आल्या. गिरणगावातील ज्या कामगाराने पाळी सुटल्यावर तिकीट काढावयाचे, त्याचा पगार थांबला. आणि ज्या गावी तो परतला, तेथे जत्रेला, गणपतीत किंवा पूजेच्या रात्री संच आणि यंत्र भाड्याने आणून सलग दोन-तीन चित्रपट लावण्याची चाल पडू लागली. अशा रात्री मागणी हटकून दादांना असे. पुढे यंत्र घरचे झाले, तेव्हा कॅसेटही घरच्या झाल्या.

ग्रामीण घरातील असा संग्रह पद्धतशीर नसतो. लग्नाच्या चित्रणाशेजारी ‘पांडू हवालदार’ असतो, आणि कित्येकदा एकाच फितीवर दोन्ही असतात. वेल्ह्याकडच्या पावसाळ्यात चुंबकीय फितीस बुरशी धरते. मग चित्र आधी जाते आणि आवाज बराच काळ तग धरतो. ह्याचा एक अनपेक्षित परिणाम असा की, घरसंग्रहात दादांचा आंगिक अभिनय झिजत गेला आणि वाचिक शिल्लक राहिला. ढगळ अर्धी विजार, तिची लोंबती नाडी, उघडे तोंड, वेंधळी चाल हे सारे मोठ्या पडद्याच्या मापाचे होते. चॅप्लिनच्या मूकपटांची घरगुती आवृत्ती १९२० च्या दशकापासून, पाथे कंपनीच्या साडेनऊ मिलिमीटर फितींच्या रूपाने, युरोपात घरोघर गेली. त्या प्रती कापलेल्या आणि लहान असत, तरी चॅप्लिनचे काही बिघडले नाही, कारण तेथे शरीर हीच भाषा होती. दादांचे तसे नाही. धडपडणे, आपटणे, मार खाणे त्यांच्याकडे भरपूर आहे. पण त्यांचा पाय घसरण्याआधी बहुधा शब्द घसरलेला असतो.

फडताळातील कॅसेटी काळाच्या क्रमाने लावल्या आणि केवळ त्यांच्या कडांवरची नावे वाचली, तरी ह्या घसरण्याचा इतिहास दिसू लागतो. ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२) ही भाषेत रूढ असलेली म्हणच आहे. ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३) हे पूर्ण वाक्य आहे: कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे, गंमत केवळ अर्थाच्या विसंगतीत आहे. ‘तुमचं आमचं जमलं’ (१९७६) येथे षष्ठीची दोन विशेषणे आहेत, पण ज्याचे काय जमले ते नाम नाही. ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८) ह्यातून ‘जिथं’ गळाला आहे आणि कर्ता क्रियापदाच्या प्रत्ययात दडला आहे. ‘आली अंगावर’ (१९८२) ह्यात कर्ता पूर्णपणे नाहीसा होतो. क्रियापद एवढेच सांगते की, तो स्त्रीलिंगी एकवचनी असावा, आणि खरे पाहता नपुंसकलिंगी अनेकवचनाचे रूपही तेच आहे. पावसाची सर, मारकी गाय, घरची जबाबदारी, ह्यांपैकी काहीही अंगावर येऊ शकते. ‘वाजवू का’ (१९९६) येथपर्यंत येता येता कर्ताही नाही आणि कर्मही नाही. उरले आहे एक सकर्मक क्रियापद आणि प्रश्नार्थक अव्यय. ढोलकी, शिटी, दाराची कडी, जे हवे ते ऐकणाऱ्याने घालावे.

नामवाचक शीर्षके ह्या ओळीत बसत नाहीत, हे उघड आहे. ‘राम राम गंगाराम’ (१९७७) ह्यातून कोणताही नियम निघत नाही. तरीही वीस-पंचवीस वर्षांची दिशा स्पष्ट आहे. ही दिशा केवळ चावटपणाची वाढ म्हणून सांगणे म्हणजे अर्धेच सांगणे होय. मराठी वाक्यात कर्ता-कर्म गाळण्याची जी नित्याची सोय आहे, तिचा हा क्रमाक्रमाने केलेला उपयोग आहे. दादांच्या हिंदी ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) ह्याची तुलना उद्बोधक ठरेल. तेथे सगळा भार ‘दिया’ ह्या एका शब्दाच्या दोन अर्थांवर आहे. तो श्लेष आहे. मराठी शीर्षकांतील करामत बहुधा श्लेषाची नसून अध्याहाराची आहे. ‘मुका घ्या मुका’ हा अपवाद, आणि तो ह्या रांगेत काहीसा ढोबळ वाटतो तो त्यामुळेच.

आणखी एक विशेष असा की, ‘येऊ का घरात’ (१९९२) व ‘वाजवू का’ ही दोन्ही वाक्ये अनुमती मागणारी आहेत. मराठीत अदबीने विचारावयाचे तर हीच रूपे वापरतात. वाक्य सभ्य, व्याकरण निर्दोष, बोलणारा भाबडा. दोष निघालाच तर ऐकणाऱ्याच्या मनात. सेन्सॉरशी दादांचे जे वारंवार खटके उडाले, त्यांत त्यांची बाजू नेमकी हीच असे, आणि ती निव्वळ लबाडी नव्हती. परीक्षकासमोर जे लिहिलेले असते, त्यात गाळलेला शब्द नसतोच. जे लिहिलेलेच नाही ते कापावयाचे कसे?

हा भाबडेपणा तमाशातून आला आहे. गण, गवळण, बतावणी आणि वग ह्या क्रमात सोंगाड्याचे काम उत्तर देण्यापेक्षा प्रश्न न कळल्याचे सोंग करण्याचे असते. मागे झीलकरी उभे असतात. ते ओळ उचलून धरतात, तेव्हाच ती पुरी होते. चित्रपटात झीलकरी नाहीत. त्यांची जागा प्रेक्षकांनी घेतली. दादा वाक्य टाकून गप्प राहतात, कॅमेरा त्यांच्या कोऱ्या चेहऱ्यावर रेंगाळतो, आणि ती रिकामी जागा चित्रपटगृहातल्या हशाने भरून निघत असे. घरच्या खोलीत तीच जागा रिकामी राहते. आजच्या तरुण प्रेक्षकास हे चित्रपट संथ वाटतात त्याचे कारण येथे शोधावे. तो दोष संकलनाचा नसून श्रोत्यांच्या अभावाचा आहे.

त्याहून महत्त्वाचा फरक निराळाच आहे. चित्रपटगृहात काळोख असतो. कोण हसले ते कोणास दिसत नाही. माजघरात दिवा चालू असतो, सासरा आणि सून, भाऊ आणि बहीण एकाच सतरंजीवर बसलेले असतात. अध्याहृत शब्द ज्याने मनात भरला, तो हसताक्षणी सर्वांदेखत उघडा पडतो. म्हणून घरात ह्या विनोदास प्रतिसाद देण्याची रीत बदलते: वडीलधारे पानसुपारीस उठतात, बायका पदराआड हसतात, आणि ज्या मुलास काही कळलेले नाही ते एकटेच मोकळेपणाने नाडीवर हसते. दादांच्या कथांतील नाम्याची जागा नेमकी ह्या मुलाची आहे. शब्दाचा अर्थ जिभेवर नसून ऐकणाऱ्यांच्या नात्यांत असतो, ह्या भाषाशास्त्रातील जुन्या विधानास ह्यापरते सोपे उदाहरण मिळणे कठीण.

आता बोलीचा प्रश्न. दादा मूळचे भोरचे, त्यांची माणसे गावरान बोलतात, सबब हे चित्रपट म्हणजे भोर-वेल्ह्याच्या बोलीचे ध्वनिमुद्रित भांडार होय, असा तर्क विद्यार्थ्यांस सुचणे स्वाभाविक आहे. तो टिकत नाही. चित्रपटांतील ग्रामीण खुणा मोजक्याच आहेत: ‘ह्यो’, ‘त्यो’, ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘ण’च्या जागी ‘न’, आणि आईस मारलेली ‘आये’ ही हाक. पुणे, सातारा, कोल्हापूर ह्या साऱ्या पट्ट्यात ही रूपे आढळतात. त्यांवरून माणसाचे खोरे ओळखता येत नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने (१९०५) पुण्याकडील मराठीस प्रमाणाच्या जवळची ठरविले, आणि त्यामुळेच की काय, मावळच्या बोलीकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात बोलींच्या सर्वेक्षणात महाडची कुणबी बोली नोंदविली. महाड आणि भोर ह्यांच्यामध्ये वरंध घाट काय तो आहे. घाटाखालची बोली ग्रंथात आली, घाटमाथ्याच्या वाट्याला तसा स्वतंत्र ग्रंथ आला नाही. अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या सर्वेक्षणाने प्रत्यक्ष बोलणाऱ्यांचे ध्वनिमुद्रण हाती घेतले आहे. बोलीसाठी तिकडेच जावयास हवे.

मग दादांच्या संवादांत आहे काय? तेथे आहे ती गिरणगावाची बोली. नायगाव-लालबागच्या चाळींत कोकणचा, साताऱ्याचा, मावळचा कामगार एका नळावर पाणी भरीत होता. ज्या लकबींनी माणूस एका खोऱ्याचा ठरे त्या झडल्या, आणि ज्यांनी तो ‘गावचा’ ठरे त्या राहिल्या. ही शिल्लक लोकनाट्याने उचलली, सबनीसांसारख्या लेखकाने तिला घाट दिला आणि दादांनी आवाज दिला. पडद्यावरचे गाव इंगवली नव्हे. इंगवली सोडून आलेल्यांच्या पुढच्या पिढीने चाळीत बसून कल्पिलेले ते गाव आहे. म्हणूनच त्यात पाटील आहे, फड आहे, जत्रा आहे. पण भाताची लावणी करताना पाठ मोडते ती क्वचितच दिसते. हे गाव कॅसेटीच्या रूपाने पुन्हा भोर-वेल्ह्यात परतले, तेव्हा तेथील लोकांनी ते आपले म्हणून स्वीकारले. स्वतःच्या बोलीची हुबेहूब नक्कल त्यांनी मागितली नव्हती. पडद्यावर ‘आये’ अशी हाक ऐकू येते आणि ती मारणारा आपल्याकडचा आहे, एवढे त्यांस पुरेसे होते.

घरसंग्रहाचा उपयोग साधन म्हणून करताना काही सावधगिरी बाळगावी लागते. व्हीसीडीवर सुमारे सव्वा तासाचेच चित्र मावते. त्यामुळे चित्रपट दोन-तीन तबकड्यांत विभागला जातो आणि घराघरांतून दुसरी तबकडी हरवलेली असते. जुन्या रुंद चित्राच्या कडा संचाच्या चौकटीत कापल्या जातात; दोन पात्रांच्या संवादातील ऐकणारे पात्र चौकटीबाहेर जाते, म्हणजे ज्याच्या चेहऱ्यावरून अध्याहृत शब्द कळावयाचा तोच दिसत नाही. निव्वळ गाण्यांच्या किंवा निव्वळ विनोदी प्रसंगांच्या तबकड्या निघाल्या, त्यांत आईचे प्रसंग प्रायः वगळले गेले. हा तोटा मोठा आहे. कारण अनेक वाक्यांचा सोज्वळ अर्थ टिकवून धरणारी व्यक्ती कथेत एकटी आईच असते. ती गेली की उरलेला अर्थ एकच, आणि तो ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. दादांविषयी गेल्या पंचवीस वर्षांत जे मत रूढ झाले, ते पूर्ण चित्रपटांवरून किती आणि ह्या कापलेल्या तबकड्यांवरून किती, ह्याची तपासणी अजून कोणीही केलेली नाही.

ही तपासणी पुण्यातच होऊ शकेल. १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय शहरात आहे आणि भोर तेथून दीड-दोन तासांच्या वाटेवर. एका चित्रपटाची पूर्ण प्रत आणि भोर-वेल्ह्यातील घरांत सापडणाऱ्या त्याच्या चार-दोन प्रती शेजारी ठेवून कोठे काय गळाले हे नोंदवावे. आणि जमल्यास त्या घरातील मंडळींसमवेत बसून, कोणत्या वाक्यास कोण उठून जाते, हेही टिपून ठेवावे. चाळिशीच्या आतील प्रेक्षकांना चित्रपटगृहातले दादा आठवण्याचा संभव नाही. ज्यांना आठवतात, त्यांपैकी ‘सोंगाड्या’ प्रथम पाहिलेली पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे.