पहिला नंबर, नोंद नाही

लोणारच्या मैदानी खेळांचा इतिहास सांगायचा म्हणजे आरंभ थेट दैत्यांपासून करावा लागतो. कथा ठाऊक असेलच. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या बिळात दडून बसायचा. विष्णूने कोवळ्या मुलाचं रूप घेतलं आणि बिळावरचं झाकण पायाच्या अंगठ्याने उडवून दिलं. याच पराक्रमावरून देव दैत्यसूदन झाला आणि गावात त्याचं सुरेख कोरीव देऊळ उभं राहिलं. झाकणफेकीतला हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पण अंतर किती, हे मोजायला टेप घेऊन कोणी उभं नव्हतं.

दुसरी स्पर्धा गोळाफेकीची. आकाशातून कुणी तरी गोळा फेकला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. पण हा गोळा आकाशातूनच आला, की जमिनीच्या पोटातून ज्वालामुखी फुटला, यावर विद्वानांचा वाद चालला, तो चांगला दीडशे वर्षं. शेवटी खड्ड्याच्या तळाशी भोकं पाडून खडक तपासले, तेव्हा प्रचंड आघाताने काचेसारखी झालेली खनिजं सापडली आणि १९७३ साली हा उल्काघातच असल्याचं शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी छापलं. गोळा पडला हजारो वर्षांपूर्वी, जमा झाला १९७३ साली! व्हाउचरशिवाय नोंद नाही हा बँकेतला पहिला धर्म असल्यामुळे मला या उशिराचं मुळीच नवल वाटत नाही. आमच्याकडेही काही रकमा उल्केसारख्या येऊन पडतात आणि कुठल्या खात्यात घालाव्यात हे ठरायला वेळ लागतो.

नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. खड्ड्याची नोंद उशिरा का होईना, झाली. त्याच्या काठावरच्या गावांतून जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या पळाली, लढली, धोंडे उचलत राहिली, त्यांच्या नावाचं पान कुठल्याच कीर्दीत नाही.

वऱ्हाडातल्या कुठल्याही पारावर जाऊन बसा. एखादे आजोबा सांगतील, "सायेब, त्याच्यासारखा गडी पुन्ना झाला नाई. हरन पयते तसा पये तो!" आता हरीण किती सेकंदांत पळतं, हे विचारायची सोय नसते. मारुतीच्या देवळापुढे एखादा गोल धोंडा पडलेला असतो, तो एका दमात खांद्यावर घेणारा गडी होऊन गेलेला असतो, पण धोंड्याचं वजन 'लई'. जत्रेतल्या कुस्त्यांचंही तेच. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मधल्या नारळावर आणि शेवटची फेट्यावर. रेवड्या त्याच संध्याकाळी संपतात, नारळ दुसऱ्या दिवशी भाजीत जातो, फेटा दोन पावसाळ्यांत विरतो. उरते ती पारावरची गोष्ट, आणि ती सांगणारे आजोबाही काही कायमचे नसतात.

लाकडं फोडणं ही तर आपल्याकडे स्पर्धाच नव्हे. तिकडे टास्मानियात १८९१ साली ओंडके फोडण्याच्या अजिंक्यपदाचे सामने झाले आणि आजही तिथल्या जत्रांत कुऱ्हाडवाल्यांना टाळ्या नि बक्षिसं मिळतात. आपल्याकडे तोच गडी मागच्या दाराने येतो, दुपारपर्यंत बाभळीचा ढीग फोडतो आणि त्याला मिळतो अर्धा कप चहा. वर घरधनीण म्हणते, "ढलप्या जरा बारीक काढा." एवढी कडक परीक्षक टास्मानियातही नसेल.

लेखी क्रीडामहोत्सव आपल्याकडे आला तो इंग्रजांच्या शाळांबरोबर. तीन पायांची शर्यत, पोत्यांची शर्यत, चमच्यात अंडं धरून पळणं. अंड्याच्या जागी आपण लिंबू आणलं. बहुधा शर्यत संपल्यावर सरबत होतं म्हणून. अजूनही प्रजासत्ताकाच्या आसपास गावोगावच्या शाळांत चुन्याच्या रेघा पडतात, चमचा दातांत धरून पोरी डुगडुगत निघतात आणि संगीत खुर्चीत शेवटच्या खुर्चीवरून मैत्री तुटते.

या दोन जगांची, म्हणजे अनवाणी पळणाऱ्यांची आणि घड्याळ धरणाऱ्यांची, गाठ पडली पुण्यात. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. पहिलं महायुद्ध संपल्यावर जिमखान्याने मैदानी शर्यती घेतल्या. पळायला आली ती शेतात राबणारी, भाकरीवर वाढलेली पोरं. नियम कुणाला ठाऊक नव्हते. मैदान एवढंसं, त्यामुळे शंभर यार्डांची धाव म्हणे वळणावरून घेणार होते! टाटांनी डोक्याला हात लावला. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीत, ओबडधोबड रस्त्यावर ही पोरं अनवाणी धावली तेव्हा घड्याळातल्या वेळा थेट युरोपातल्यांच्या जोडीला बसू लागल्या. हा सगळा प्रकार टाटांनी पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्रातून कळवला, म्हणून तर आज आपल्याला सांगता येतो. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी पाठिंबा दिला, टाटांनी पदरचे पैसे घातले आणि १९२० साली आपली छोटीशी तुकडी अँटवर्पला पोचली.

तिथे बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचं अंतर नेहमीपेक्षाही जास्त होतं, ४२.७५ किलोमीटर. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटं आणि वर काही सेकंदांत तोडलं आणि त्यांचा नंबर लागला १९ वा. रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. पदक नाही, पण नोंद आहे! शंभर वर्षांनंतरही कुणी चौगुल्यांना 'हरनासारखे पयत' असं मोघम म्हणत नाही, सेकंदांसकट सांगतात.

पुढे १९५२ साली हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कर्जाचे फॉर्म मी पुष्कळ भरून घेतले आहेत. 'कर्जाचे कारण' या रकान्यात 'विद्यार्थ्याची कुस्ती' असं लिहिलेलं एकदाही पाहिलं नाही. एवढं करून सरकारला अर्जुन पुरस्काराची आठवण झाली ती खाशाबा १९८४ मध्ये वारल्यानंतर, २००० सालच्या यादीत. या नोंदीपुढे लोणारची उल्का वेळेवर आली म्हणायची.

वऱ्हाडात सध्या अचूक नोंद होते ती बैलांची. आमच्याकडचा शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा कायम ठेवला. पटावर घड्याळ लावतात, सेकंदाच्या हिश्शांवर निकाल लागतो, आणि जिंकलेल्या जोडीचं नाव, धन्याचं नाव, वेळ, सगळं माईकवरून गावभर जातं. बैलांबद्दल माझ्या मनात आकस नाही. पण ज्या गावात बैलाची वेळ सेकंदाच्या हिश्शापर्यंत ठाऊक असते, त्याच गावात दोनशे मीटरमध्ये पहिली आलेली सातवीतली मुलगी 'पाटलाच्या वावराशेजारची ती पोरगी' एवढ्यावरच राहते. तिला बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळतो, आणि त्यावर नाव कोरलेलं असतं देणगीदाराचं!

याला खर्च काहीच नाही. शाळेत हजेरीचा पट असतोच. त्याच्याशेजारी दोनशे पानी एक वही ठेवावी. तारीख, अंतर, नाव, वेळ, असे चार रकाने आखावेत, खाली मास्तरांची सही. घड्याळ तर आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्येच आहे. पुढच्या वर्षीची पोरगी निदान विचारील तरी, मागच्या वेळी किती सेकंद लागले होते? आणि मग ती हरणाशी नाही, त्या आकड्याशी पळेल.