अरियलूरचा पूल आणि एक राजीनामा

मंडळाच्या कार्यवाहांनी यंदा लेख मागितला तेव्हा "रेल्वेवर लिहा, पण फार तांत्रिक नको" अशी अट घातली. पूल तपासणे हे माझे रोजचे काम, त्यामुळे ही अट मला जरा जडच आहे. पण एक पूल असा आहे की ज्याच्याविषयी इंजिनिअरांपेक्षा राजकारणावर बोलणारे लोकच अधिक बोलतात, आणि गंमत म्हणजे आपण सगळे वर्षातून चार वेळा त्या भागातून जातो. चेन्नईहून वैगई किंवा पल्लवनने त्रिचीला येताना अरियलूर सुटले की थोड्याच वेळात मरुदैयार नावाची नदी लागते. वर्षातला बराच काळ पात्रात वाळू आणि झुडपेच दिसतात. कोणी पेपरातून मान वर करून बघतही नाही.

२३ नोव्हेंबर १९५६ च्या पहाटे या नदीला पूर होता. आपल्याकडे नोव्हेंबर म्हटला की दिवाळीनंतरची थंडी. इथे मात्र तो ऐन पावसाचा महिना. मद्रासच्या एग्मोरहून आदल्या रात्री सुटलेली तुतिकोरिन एक्स्प्रेस अरियलूर सोडून कल्लगमच्या दिशेने निघाली. त्या काळी हा मीटरगेज मार्ग होता. पुराच्या पाण्याने रुळाखालचा आधार गेलेला होता आणि अंधारात ते कुणाला दिसले नाही. इंजिन आणि मागचे डबे नदीत गेले. सुमारे दीडशे माणसे मेली.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला हैदराबाद राज्यातल्या महबूबनगरजवळ असाच एक पूल कोसळून शंभराहून अधिक प्रवासी दगावले होते. तेव्हा रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला होता, पण पंडित नेहरूंनी तो स्वीकारला नाही. तीन महिन्यांच्या आत अरियलूर घडले. शास्त्रीजींनी पुन्हा राजीनामा दिला आणि या वेळी तो मंजूर झाला. नेहरूंनी संसदेत जे सांगितले त्याचा आशय असा होता की, शास्त्रींचा या अपघातात काही दोष आहे म्हणून नव्हे, तर घटनात्मक औचित्याचा एक पायंडा पडावा म्हणून आपण हा राजीनामा स्वीकारत आहोत.

एवढी गोष्ट सर्वांना माहीत आहे. देशात कुठेही गाडी घसरली की संध्याकाळच्या चर्चेत कोणीतरी शास्त्रीजींचे नाव काढतोच. आमच्या रनिंग रूममध्ये आणि आपल्या मंडळाच्या चहाच्या वेळीही ते निघते. पण या गोष्टीचा पुढचा भाग सांगताना मला कोणी आढळला नाही, आणि मला तर तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

राजीनामा दिल्लीत झाला. माणसे इथली मेली होती. तीन-चार महिन्यांत, १९५७ साली, सार्वत्रिक निवडणूक आली. द्रविड मुन्नेत्र कळघमने त्या वर्षी प्रथमच निवडणूक लढवली. रेल्वेचे उपमंत्री ओ. व्ही. अळगेशन हे तमिळ, चेंगलपट्टूचे खासदार. त्यांचे नाव अरियलूरला यमक जुळवून जोडले गेले आणि एक घोषणा तयार झाली. तिचा मराठीत अर्थ सांगायचा तर, तुम्ही राज्य केलेत तेवढे पुरे, लोक मेले तेवढे पुरे. तमिळमध्ये 'राज्य करणे' आणि 'मरणे' यांची रूपे कानाला इतकी जवळची आहेत की घोषणा एकदा ऐकली की विसरत नाही. माझ्या हाताखालचे एक ट्रॅकमन, ज्यांचा जन्म अपघातानंतर कित्येक वर्षांनी झाला, त्यांनी मला ती म्हणून दाखवली! अळगेशन ती निवडणूक हरले. १९६२ साली ते पुन्हा निवडून आले, ही गोष्ट वेगळी.

म्हणजे एकाच अपघाताची जनतेने दोन खाती ठेवली. राजीनामा देणाऱ्याला देशाने डोक्यावर घेतले. १९५७ च्या निवडणुकीनंतर शास्त्रीजी परत मंत्रिमंडळात आले, पुढे गृहमंत्री झाले आणि १९६४ साली पंतप्रधान. ज्या उपमंत्र्याचा चेहरा इथल्या लोकांना ओळखीचा होता, त्याच्या नावावर मात्र मेलेल्यांचा हिशेब लिहिला गेला. खरा दोष यांपैकी कुणाचा किती, हे ना दिल्लीने मोजले, ना चेंगलपट्टूच्या मतदाराने.

हा पट्टाच मुळी सरकारशी भांडणाऱ्यांचा आहे. अरियलूरहून त्रिचीकडे येताना कल्लकुडी लागते. सिमेंट कारखान्यामुळे या स्टेशनचे नाव दालमियापुरम झाले होते. १९५३ साली जुने नाव परत मिळावे म्हणून द्रमुकचे तरुण रुळांवर आडवे झोपले. त्यांत करुणानिधी होते. आंदोलनात माणसे मेली, त्यांना अटक झाली. आणि १९५७ साली तेच करुणानिधी कुळित्तलैमधून आमदार झाले. पुढे १९६९ साली ते मुख्यमंत्री झाले आणि कल्लकुडीचे नाव पाटीवर परत आले. रुळांवर झोपणारा मनुष्य पंधरा-सोळा वर्षांत राज्याचा प्रमुख! आमच्या खात्याच्या नियमाप्रमाणे रुळांवर झोपणे हा गुन्हाच आहे, पण लोकांनी त्याच्याकडे कसे पाहिले ते दिसतेच.

आता आपल्या मुलखाकडे. आपल्या मंडळात निम्मी घरे गलाईवाल्यांची, म्हणजे खानापूर, आटपाडी, तासगावकडची. त्यांना आबांची आठवण मी काय सांगावी? २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर आर. आर. पाटलांना गृहमंत्रिपद सोडावे लागले. त्यांच्या तोंडून गेलेल्या एका वाक्याने लोक जास्त चिडले होते. पण २००९ साली तासगावने त्यांना पुन्हा निवडून दिले आणि ते पुन्हा गृहमंत्री झाले. मुंबईच्या लोकांचा राग खोटा नव्हता आणि तासगावकरांची माया पण खोटी नव्हती. दुसऱ्या बाजूला प्रा. मधू दंडवते बघा. १९७४ च्या रेल्वे संपात कामावरून काढलेल्यांना १९७७ साली मंत्री झाल्यावर त्यांनी परत घेतले, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम आणला, कोकण रेल्वेचा आयुष्यभर पाठपुरावा केला. राजापूरने त्यांना पाच वेळा लोकसभेत पाठवले आणि कोकण रेल्वेचे महामंडळ स्थापन झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९९१ साली, पाडले. आमच्या खात्यातले जुने लोक अजून त्यांचे नाव आदराने घेतात. मतपेटीत तो आदर पुरला नाही.

शास्त्रीजींनंतर अपघातासाठी रेल्वेमंत्रिपद सोडले ते नितीशकुमारांनी, ऑगस्ट १९९९ मध्ये गैसल येथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्यावर. तो राजीनामा आज कितीजणांना आठवतो? दुसऱ्यांदा केलेल्या गोष्टीची आख्यायिका होत नाही, असे मला वाटते.

आता थोडे पाण्याविषयी, कार्यवाहांची क्षमा मागून. पूर पुलाला वरून ढकलून पाडतो असे लोकांना वाटते. बहुतेक वेळा तसे नसते. पाणी खालून काम करते. खांबाच्या पायाभोवतीची वाळू खरवडून नेते, किंवा पुलाच्या टोकाला जिथे मातीचा भराव येऊन भिडतो तिथली माती धुऊन काढते. वरून रूळ सरळ दिसतात, खाली काही नसते. म्हणून खांबावर लाल पट्टा रंगवलेला असतो. पाणी तिथवर आले की गाडी थांबवायची आणि तपासल्याशिवाय सोडायची नाही. हे बघायला पावसाळ्यात रात्रभर गस्तीचा माणूस कंदील आणि फटाके घेऊन रुळांवरून चालतो. फटाके म्हणजे दिवाळीचे नव्हेत. रुळावर लावायचे, चाकाखाली फुटले की ड्रायव्हर ब्रेक मारतो.

काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका विभागात असताना, माझ्या हद्दीत अशीच एक रात्र आली. मुसळधार पाऊस. गस्तीच्या माणसाने पाणी पट्ट्याच्या वर गेलेले पाहिले आणि एक्स्प्रेस थांबवली. मी मोटर ट्रॉली नेऊ शकत नव्हतो, सहा किलोमीटर चालत गेलो. जवळजवळ अडीच तास गाडी उभी राहिली. मी पोहोचलो तेव्हा तो बिचारा इंजिनासमोर भिजत उभा होता आणि पन्नास-साठ प्रवासी त्याला घेरून शिव्या देत होते. त्यांत एक लोकप्रतिनिधी होते. त्यांनी त्याचे नाव आणि नंबर लिहून घेतला, मग माझेही. "तुमच्यासारख्यांमुळेच देश मागे आहे" असे काहीसे म्हणाले. मला इंग्रजीत झाडण्यात आले. आम्ही डिप्लोमावाले तेवढे समजतो. पाणी उतरल्यावर पूल पाहिला, तर तो धडधाकट होता. गाडी ताशी दहाच्या वेगाने पलीकडे नेली.

आठवड्याने वरून पत्र आले, गाडी एवढा वेळ का रोखली याचा खुलासा करा. त्या गस्तवाल्यालाही आले. त्याला लिहिता येत नव्हते, त्याचे उत्तर मीच लिहिले.

पूल धडधाकट निघाला हाच आमचा गुन्हा ठरला होता. तो वाहून गेला असता आणि गाडी आधीच थांबलेली असती, तर त्याच प्रवाशांनी त्याला खांद्यावर घेतले असते. आणि गाडी थांबली नसती, तर तेच लोक मंत्र्यांचा राजीनामा मागत असते. मी त्यांना दोष देत नाही. रात्री दोन वाजता, लहान पोर रडत असताना, अंधारात दिसत नसलेल्या खरवडलेल्या वाळूवर कोण विश्वास ठेवील? कंदीलवाला माणूस त्यांना सरकार वाटला आणि सरकारवरचा सगळा राग त्याच्यावर निघाला.

२ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळ तीन गाड्यांचा अपघात झाला, २९० हून अधिक लोक गेले. राजीनाम्याची मागणी झाली, शास्त्रीजींचे नाव अर्थातच निघाले. राजीनामा झाला नाही. जुलैत सिग्नल खात्यातल्या तीन कर्मचाऱ्यांना अटक झाली. त्यांत एक सीनियर सेक्शन इंजिनिअर, म्हणजे माझ्याच दर्जाचा. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत चूक एकाच पातळीवरची नव्हती असे आढळले. हे आयुक्त रेल्वेच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. इंग्रजांनी १९४१ साली ही तपासणी रेल्वेपासून वेगळी केली, ती अजून तशीच आहे, आणि माझ्या मते ते फार बरे आहे. त्या महिन्यात आमच्या ऑफिसात राजीनाम्याविषयी कोणी फारसे बोलले नाही. प्रत्येकजण आपापली रजिस्टरे काढून जुन्या सह्या बघत होता. मीही बघितल्या.

मरुदैयारवरून आता ब्रॉडगेजचे दुहेरी रूळ जातात, वरून विजेची तार आहे. विसर्जनानंतर साधारण महिन्याभरात ईशान्येचा पाऊस सुरू होईल आणि रात्रीची गस्त लागेल. त्या गस्तवाल्याच्या खुलाशात मी एकच ओळ लिहिली होती, पाणी लाल पट्ट्याच्या वर होते. त्याने खाली अंगठा उमटवला. ते कागद पुढे कुठे गेले, आम्हा दोघांनाही कधी कळवण्यात आले नाही.