उघडी करंजी

मराठी स्वयंपाकाचा इतिहास लिहिताना ‘विलायती’ नावाचा एक खण वेगळा काढायचा आणि पाव, केक, बिस्किटे, टार्ट हे सारे त्यात टाकून मोकळे व्हायचे, अशी आपल्याकडची रीत आहे. त्यामागची कथाही ठरलेली असते : हे पदार्थ छावणीबरोबर आले, मिशनच्या मडमांनी ते धर्मांतरितांना शिकवले आणि तेथून ते इतर घरांत झिरपले. ही समजूत तपासायला अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) फार सोयीचा, कारण छावणी आणि मिशन ही दोन्ही तेथे जुनी आहेत. तपासणीसाठी आम्ही मुद्दामच एक क्षुल्लक पदार्थ घेत आहोत. मैद्याची खुसखुशीत, तळहातावर दोन मावतील एवढी लहान वाटी, तिच्यात चमचाभर जॅम आणि वर क्रीमचा ठिपका : घरी केलेला टार्ट.

वेलस्लीने नगरचा किल्ला १८०३ साली घेतला आणि पेशवाईच्या अखेरीस सारा मुलूख इंग्रजांकडे गेला. अमेरिकन मराठी मिशनचे लोक डिसेंबर १८३१ मध्ये नगरला आले. सिंथिया फॅरारबाई १८३९ पासून तेथे मुलींच्या शाळा चालवू लागल्या. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरहूनच निघाला. म्हणजे भट्टीत भाजलेले पीठ खाणारी माणसे या गावात जवळजवळ दोनशे वर्षे राहत आली आहेत. एवढ्या शेजारानंतर टार्ट गावात लवकर रुजायला हवा होता. तो रुजला नाही, आणि का रुजला नाही हाच खरा इतिहास आहे.

पहिले उत्तर सर्वांना ठाऊक असते : विटाळ. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली आणि गोपाळराव जोशी यांनी ती बातमी चव्हाट्यावर मांडताच केवढे ग्रामण्य माजले! प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. बिस्किटाची ही गत असेल, तर टार्टची काय कथा? पण हे उत्तर अर्धेच आहे. ज्यांनी विटाळ ओलांडला, त्यांच्या घरी तरी काय शिजत होते?

याचा विचार करताना ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) आठवावीच लागतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्याबरोबर राहू लागल्यावरही लक्ष्मीबाई काही काळ सोवळे सांभाळून होत्या. १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. धर्म बदलला, परंतु चूल बदलली असे त्या पुस्तकात कोठेही जाणवत नाही. मराठी ख्रिस्ती घरांत आजही नाताळचा फराळ असतो आणि त्या ताटात करंजी, शंकरपाळी, चकली ठाण मांडून असतात. सण नवा, तळण जुने. तेव्हा धर्मांतराने विलायती खाणे आणले हा समज त्या घरांवर अन्याय करणारा आहे, असे आम्हांस वाटते. टार्ट साहेबाच्या मेजावरच राहिला. कारण तो करायला खानसामा आणि भट्टी लागे, आणि ही दोन्ही गरीब ख्रिस्ती घरांत नव्हती.

टिळकांच्याच घरातली आणखी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. ‘ॲलिस’चे ‘जाईची नवलकहाणी’ हे मराठी रूप देवदत्त नारायण टिळकांचे. मूळ पुस्तकाच्या शेवटी खटला चालतो तो बदामच्या राणीचे टार्ट चोरल्याबद्दल! पदार्थच नसलेल्या भाषेत या चोरीच्या मालाचे नाव काय ठेवायचे? ‘करंजी’ म्हणावे तर आकार चुकतो, ‘वडी’ म्हणावे तर सारण नाहीसे होते, आणि ‘टार्ट’ ठेवावे तर वाचणाऱ्या मुलाच्या तोंडाला पाणी सुटत नाही. अनुवाद शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुस्तक काढून तो शब्द स्वतः पाहावा. तासभर चर्चा होईल.

‘करंजी’ शब्द मात्र सहजासहजी सोडून देण्याजोगा नाही. दोन्ही पदार्थ एकाच जातीचे : मोहन घातलेली पारी आणि आत गोड सारण. फरक एवढाच, की करंजी मिटलेली असते आणि टार्ट उघडा. या फरकाचे कारण सौंदर्यदृष्टीत शोधू नये. कढईत सोडायचे तर सारण बंद करावेच लागते, नाहीतर ते तेलात सांडून जळते. म्हणून मुरड, म्हणून कातण्याने कापलेली कड. पदार्थाला उघडे राहायचे असेल तर त्याला चहूकडून कोरडी आच लागते. तशी आच आपल्याला अगदीच अपरिचित होती असेही नाही. पाठारे प्रभूंचे भानोले वर-खाली निखारे ठेवूनच होत असे. पण ती एका जातीची खासियत राहिली. घाटावरच्या चुलीवर तळणे, वाफवणे, तव्यावर भाजणे एवढेच चाले.

म्हणून घरगुती टार्टचा खरा पूर्वज मडमेच्या मेजावर शोधू नये, नानकटाईत शोधावा. तूप, साखर, मैदा घरून तोलून न्यायचा, बेकरीवाल्याकडून भाजून घ्यायचे आणि डबा भरून घरी आणायचा, हा सुट्टीतला आणि दिवाळीआधीचा उद्योग कित्येक गावांनी पाहिला आहे. भट्टी दुसऱ्याची, पण जिन्नस आपले : विटाळावर मध्यमवर्गाने काढलेली ही तोड मोठी मार्मिक होती. पुढे झाकणाला काच असलेला अॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला; तो नसेल तेथे कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाशी वाळू किंवा मीठ घालण्याची युक्ती आली. भट्टी घरात शिरली ती अशी.

कृतीतली खरी अडचण हाताची आहे. मराठी हाताला मळणे, तिंबणे, कुटणे ठाऊक. टार्टच्या पिठाला यातले काहीच चालत नाही. २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम गार लोणी, दोन चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ बोटांच्या टोकांनी रवाळ होईतो चोळावे, बर्फाच्या पाण्याचे दोन-तीन चमचे घालून नुसते गोळा करावे आणि अर्धा तास फ्रिजमध्ये विसरावे. मळले की पिठाला तार सुटते, आणि भाजताना वाट्या आक्रसतात. जाडसर लाटून वाटीने गोल कापावेत, लहान साच्यांत बसवून काट्याने टोचावे, वर कागद आणि कागदावर मूठभर राजमा ठेवून १८० अंशांवर दहा मिनिटे भाजावे. मग राजमा काढून पुन्हा पाचेक मिनिटे, कडा बदामी होईतो. वीसेक टार्ट होतात. ‘रुचिरा’ने (१९७०) आपल्याला वाटी-चमच्याच्या मापाने शिकवले. येथे वाटी कापण्यापुरती ठेवावी आणि मापासाठी तराजू घ्यावा.

जॅमचे कौतुक फार नको. मुरांबा घोटणाऱ्या भाषेला जॅम परका नाही, आणि राहात्याच्या पेरूंची जेली या वाटीत बाजारी लाल जॅमपेक्षा केव्हाही सरस लागते.

क्रीमपाशी मात्र थांबावे लागते. सहकारी साखर आणि सहकारी दूध यांवर उभा राहिलेला हा जिल्हा. याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याहून २०१७ च्या जूनमध्ये शेतकऱ्यांचा संप पेटला आणि रस्त्यावर दूध ओतले गेले. त्याच जिल्ह्यातल्या टार्टवर आज बहुधा असते ते पुठ्ठ्याच्या खोक्यातले, वनस्पती तेलाचे ‘व्हिप’. त्यात दुधाच्या मलईचा अंश नसतो. गृहिणीला दोष देण्यात अर्थ नाही. फेटून उभी राहण्यासाठी मलईत शेकडा तीस तरी स्निग्धांश लागतो, तापवलेल्या दुधाच्या सायीत गुठळ्या राहतात, आणि एप्रिलमधल्या नगरच्या उन्हात खरे क्रीम घटकाभरही आकार धरत नाही. तेलाचे धरते, म्हणून ते जिंकले. आमची शिफारस चक्क्याची आहे : रात्रभर टांगलेल्या दह्याचा, पिठीसाखर घालून पुरणयंत्रातून काढलेला. तो उन्हाला दाद देत नाही, जॅमच्या गोडीला आंबटपणाने आवर घालतो, आणि त्याचे दूध कोठून आले हे विचारता येते.